आपण म्हणजे नेमकं कोण?

इंग्रजीतला 'वी' हा शब्द दोन अक्षरांचा आहे. त्याचं मराठी करायला मला तीन आठवडे लागले, आणि अजूनही ते झालंय असं मला वाटत नाही.

मागच्या वर्षी दोन नोकऱ्यांच्या मधे मी चार महिने ठाणे खाडीच्या काठावर पर्यावरण शिक्षणाची इंटर्न म्हणून काम केलं. पदाचं नाव 'बायलिंग्वल इंटर्न'. म्हणजे एकाच खाडीबद्दल दिवसातून दोनदा बोलायचं, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत. गट नसतील तेव्हा माहितीफलक, पत्रकं, मुलांच्या कृतिपुस्तिका यांचं भाषांतर करायचं. मूळ मजकूर अर्थातच इंग्रजीत यायचा. सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडेही असंच असतं. अ‍ॅपमधली सगळी वाक्यं एका फाइलमध्ये इंग्रजीत लिहिलेली असतात, त्या फाइलच्या शेजारी मराठीची, हिंदीची, तमिळची फाइल ठेवायची. मराठी वाक्य सापडलं नाही तर अ‍ॅप गुपचूप इंग्रजी दाखवतं. यामागे एक न बोललेलं गृहीतक असतं: अर्थ एकच आहे, भाषा हा त्याच्यावरचा सदरा आहे, हवा तेव्हा बदला.

तर एका फलकाचा मजकूर आला. विषय खाडीकाठची कांदळवनं. पहिल्या वाक्याचा आशय असा की गेल्या काही दशकांत 'वी'ने इथली बरीच कांदळवनं नष्ट केली. शेवटचं वाक्य असं की आता ती वाचवणं 'वी'च्याच हातात आहे. साधी वाक्यं. अशी वाक्यं तुम्ही शंभर ठिकाणी वाचली असतील, मीही वाचली होती. पण मराठीत टाइप करायला घेतलं आणि बोटं थांबली. आम्ही नष्ट केली, की आपण नष्ट केली?

मराठी बोलणाऱ्याला हा फरक कधी शिकवावा लागत नाही. 'आम्ही सिनेमाला चाललोय' म्हटलं की तुम्ही घरी बसायचं. 'आपण सिनेमाला जाऊ' म्हटलं की चपला घालायच्या. तीन वर्षांचं पोरसुद्धा यात चुकत नाही, कारण चुकलं तर सिनेमा हुकतो. इंग्रजीत हा फरक नाही. हिंदीच्या 'हम'मध्येही नाही, मुंबईकरांनी 'अपुन' आणून काहीतरी सोय केलीय तेवढीच. मी सोलापूरची. आमच्या मागच्या गल्लीत विणकरांची घरं होती, तिथल्या मैत्रिणीच्या घरी तेलुगू बोलत. त्यात 'मनम्' म्हणजे आपण आणि 'मेमु' म्हणजे आम्ही. भाषाशास्त्राचे अभ्यासक म्हणतात की हा भेद मराठीत द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला असावा. कसाही आला असो, त्याची गंमत अशी की तो तुम्हाला गप्प बसू देत नाही. 'वी' म्हणणारा माणूस समोरच्याला आत घेतोय की बाहेर ठेवतोय हे झाकून ठेवू शकतो. मराठीत ते तोंड उघडताच कळतं.

सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता, कारण तिथे 'वी' म्हणजे कंपनी. आम्ही तुमच्या गोपनीयतेची काळजी घेतो. आम्ही आमच्या अटी बदलल्या आहेत. सगळीकडे बिनधास्त 'आम्ही' टाकायचं. 'आपण' तिथे येतं ते वेगळ्याच कामाला: 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा.' म्हणजे हा 'आपण' तर 'तुम्ही'चा इस्त्री केलेला अवतार. सरकारी पाट्यांवर या दुहेरी अर्थाचा मोठा उपयोग होतो. 'आपण येथे कचरा टाकू नये.' हे आपण सगळ्यांनी ठरवलेलं आहे, की तुम्हाला दिलेली तंबी आहे? वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

आता थोडं खाडीबद्दल, कारण ती माहीत नसेल तर पुढचं सगळं हवेत राहील.

ठाणे खाडी साधारण २६ किलोमीटर लांब. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला पश्चिमेकडचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, सुमारे १७ चौरस किलोमीटरचा. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पुलावरून रोज लाखो लोक जातात, आणि बहुतेकांना खाली दिसतो तो एक करडा, वास मारणारा चिखल. मलाही आधी तेवढंच दिसायचं. सोलापूरकराला चिखल म्हणजे उत्सव, पण हा जरा जास्तच होता.

तिथलं वेळापत्रक आठवड्याच्या वारांवर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे बोटीची वेळही सरकते. पाणी फार चढलं तर चिखल बुडतो आणि फ्लेमिंगो उडून नवी मुंबईतल्या तलावांवर, पाणथळींवर जातात. फार उतरलं तर बोट रुतते. मधल्या काही तासांत सगळं साधायचं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. बोट चालवणारे काका तिथीवरून पाणी सांगायचे, मी मोबाइलवरच्या तक्त्यावरून. दोघांचं जमायचं. त्यांना चार्जिंग लागायचं नाही एवढाच फरक.

आणि तिवरं. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कारण त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, मुळांना श्वास वरूनच घ्यावा लागतो. पान खारट असतं, कारण झाड जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. मुलांना पान चाटायला सांगायचं. पहिलं मूल चाटतं, तोंड वेडंवाकडं करतं, मग सगळी रांग चाटते. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हिरव्या शेंगेसारखा लांब कोंब लटकू लागतो. इंग्रजीत याला एक चांगलं भारदस्त नाव आहे, मराठी परिभाषेत 'जरायुजता'. मी हा शब्द एकदा वापरला. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आईच्या कडेवरच मोठं होतं." त्यानंतर मी 'जरायुजता' वापरला नाही.

एकाच झाडीला तिथे चार नावं आहेत, आणि कोण कोणतं वापरतं त्यावरून माणूस कुठून आला ते कळतं. गावठाणातले लोक तिवरं म्हणतात. वर्तमानपत्रं खारफुटी म्हणतात. सरकार कांदळवन म्हणतं, २०१२ पासून वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्षही आहे. आणि सोसायट्यांमधून आलेले लोक मॅन्ग्रोव्ह म्हणतात. गंमत अशी की या खाडीत कांदळ तुरळक, सगळी गर्दी तिवरांची. म्हणजे सरकारी नावात जे झाड आहे ते इथे फारसं नाही, आणि जे झाड आहे त्याचं नाव फलकावर कंसात.

दोन प्रकारचे गट यायचे. एक, जवळच्या शाळांचे, त्यात पालिकेच्या मराठी शाळा आल्या. दुसरे कंपन्यांचे आणि मोठ्या शाळांचे. पहिल्या गटातली बरीच मुलं दिवा, राबाडा, गोठिवली, घणसोली अशा गावठाणांतली, आगरी-कोळी घरांतली. त्यांना निवटी दाखवावी लागत नाही. ती तिला पकडायची कशी हे मला सांगत होती, आणि कालवणात किती वेळ ठेवायची हेही. मी त्यांना पर्यावरण शिकवायला होते. प्राथमिक शाळेत त्यांचा विषय 'परिसर अभ्यास'. या नावाबद्दल मला उगाच आदर आहे. परिसर म्हणजे आपल्या भोवतीचं, हाताशी असलेलं. 'पर्यावरण' म्हटलं की ते एकदम पृथ्वीएवढं मोठं होतं आणि हातातून निसटतं. (चौथीच्या परिसर अभ्यासात शिवाजी महाराजही येतात. महाराष्ट्रात तेही परिसरातच धरतात, आणि ते बरोबरच आहे.)

या मुलांसमोर उभं राहून मी 'आपण तिवरं नष्ट केली' म्हणू शकते का?

जरा इतिहास पाहा. १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने येऊ लागले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरं, खाजणं. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे जीव गेले. साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना त्या लढ्यातून आली. शहर उभं राहिलं. भराव पडले, रस्ते आले, पूल आले, आयटी पार्क आले. अशाच एका आयटी पार्कमध्ये मी तीन वर्षं काम केलं, तिथल्या सातव्या मजल्यावरच्या कॅन्टीनमधून खाडी फार छान दिसायची. या सगळ्या गोष्टीत कर्ता कोण आहे? त्या मुलांचे आजोबा या वाक्याचे कर्ता नव्हते. झालेच तर कर्म होते.

आणि त्यांच्या नातवाला मी प्रेमळ आवाजात सांगणार, की बाळा, आपण सगळ्यांनी मिळून निसर्गाचं फार नुकसान केलंय.

उलट दुपारच्या गटात हेच वाक्य इंग्रजीत म्हणताना मला काहीही वाटायचं नाही. लोक गंभीर होऊन मान हलवायचे. कुणी म्हणायचं, खरंय, माणूस हाच सगळ्यात मोठा शत्रू. ही मान हलवणं मी बरेच दिवस पाहिली आणि मला एक गोष्ट जाणवत गेली. सगळ्यांना सारखी वाटून दिलेली अपराधाची भावना ज्याचा वाटा मोठा त्याला फार स्वस्त पडते. हॉटेलचं बिल आठ जणांत सारखं वाटलं की तंदूर मागवणारा खूश असतो आणि नुसता लिंबू सोडा प्यायलेला मनातल्या मनात हिशोब करतो. 'वी'मध्ये हे बिल आपोआप सारखं वाटलं जातं.

याचीच मोठी आवृत्ती म्हणजे अँथ्रोपोसीन, मानवयुग. पृथ्वीच्या इतिहासातलं नवं युग माणसाच्या नावाने जाहीर करावं असा प्रस्ताव होता. मार्च २०२४ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या संबंधित समितीने तो मतदानाने फेटाळला. कारणं तांत्रिक होती, युगाची सुरुवात कुठे धरायची वगैरे. पण त्या नावावरचा जुना आक्षेप हाच आहे: कोणता माणूस? कोळशाच्या खाणीचा मालकही माणूस, आणि निवटी पकडणाराही.

मग सोपा मार्ग असा वाटतो की 'ते' म्हणावं. त्यांनी नष्ट केली. बिल्डर, सरकार, कंपन्या. मराठीत हे फार छान वाजतं, टाळ्याही मिळतात. पण मला ते वाक्यही तोंडात धरवेना, कारण 'ते' म्हणताना मी कुठे उभी राहते? मी पगार त्या इमारतीत घेतला. ज्या पुलावरून मी कामाला यायचे, तो पूल खाडीतच उभा आहे. आणि दुसरी अडचण अशी की 'ते' म्हटलं की गोष्ट संपते. 'त्यांनी' काय करायचं ते 'त्यांनी' बघावं, आपण बोटीत बसून फ्लेमिंगो पाहू.

सरकारी मराठीकडे याच्यावर एक जालीम उपाय आहे, कर्ताच काढून टाकायचा. 'कांदळवने नष्ट झाली.' झाली बिचारी. पाऊस पडावा, दूध नासावं, तशी नष्ट झाली. फलकाच्या आधीच्या भाषांतरात असंच होतं आणि वाचताना कुणालाच काही टोचत नव्हतं.

फेब्रुवारीत सहावीचा एक गट आला होता. मी कायदा सांगत होते. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीला बंदी घातली, २०१८ च्या निकालात सांगितलं की कांदळवनं नष्ट करणं हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. मी हे अभिमानाने सांगायचे, कारण ते खरोखर अभिमानाचं आहे. एक मुलगा म्हणाला, "आमची आजी आधी चुलीला फाटी आणायची तिवरांची. आता आणली तर पोलीस धरतील?" मी म्हटलं, गुन्हा आहे. तो म्हणाला, "मग बुलेट ट्रेनला कशी तोडली?"

त्याला माहीत होतं. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबई-अहमदाबाद हायस्पीड रेल्वेसाठी सुमारे २० हजार कांदळवृक्ष तोडायला परवानगी दिली. आधीचा आकडा पन्नास हजारांच्या आसपास होता, आराखडा बदलून तो खाली आणला. खाडीखालून सुमारे सात किलोमीटरचा बोगदा जातो, तो पूल बांधला असता तर नुकसान आणखी झालं असतं. बदल्यात नवी लागवड करायची अट आहे. हे सगळं मी त्याला सांगितलं, आणि सांगितलं की २००५ पासूनचा नियमच असा आहे: सार्वजनिक हिताचा प्रकल्प असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन तोड करता येते.

इंग्रजीत ही संज्ञा मी दहा वेळा वापरली होती आणि ती दहाही वेळा गुळगुळीत दगडासारखी घरंगळून गेली होती. मराठीत मी 'लोकहित' म्हटलं. 'लोक' हा फार साधा शब्द आहे, सहावीतल्या मुलाच्या रोजच्या वापरातला. तो लगेच म्हणाला, "लोक म्हणजे कोण? आम्ही त्याच्यात हाव का?"

शाळेच्या बाईंनी त्याला दटावलं नाही, हे मला आवडलं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी म्हटलं, "कायद्याच्या भाषेत तूही त्यात आहेस. न्यायालयाने सगळ्यांचा फायदा एका पारड्यात आणि झाडांचं नुकसान दुसऱ्या पारड्यात घालून पाहिलं. पण तुझ्या आजीची फाटी त्या पारड्यात कुणी घातली होती का, ते मी निकालातून सांगू शकत नाही." तो "हां" म्हणाला आणि पुढे गेला. त्याला उत्तर मिळालं असं मला वाटत नाही. पण प्रश्न चुकीचा होता असं तरी त्याला वाटलं नसावं.

पर्यावरण शिक्षण देणाऱ्याचं काम काय, यावर मी नंतर बराच विचार केला. एक मत असं की मुलांच्या मनात निसर्गाबद्दल प्रेम निर्माण करायचं, राजकारण आणायचं नाही. मला हे मत पटत नाही, आणि कारण साधं आहे. गावठाणातल्या मुलाला खाडीबद्दल जे माहीत आहे त्यात मासळी, जमीन, दावे आणि मोर्चे आधीच आहेत. ते बाजूला ठेव असं त्याला सांगणं हेही राजकारणच आहे, फक्त ते शांत आवाजात केलेलं असतं. सोसायटीतल्या मुलाला काहीच बाजूला ठेवावं लागत नाही. प्रेम निर्माण करायचा कार्यक्रम त्याच्या मापाने बेतलेला असतो.

तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं, उत्तर सापडलं. भूतकाळाला 'आपण' लावायचं नाही. भूतकाळात कर्ता नावानिशी लिहायचा: कारखाने, भराव, वसाहती, पूल, साल, जागा. आणि भविष्यकाळाला 'आपण' लावायचं, कारण भविष्यातला 'आपण' ही तक्रार नसते, आमंत्रण असतं. 'आपण सिनेमाला जाऊ'सारखं. 'आपण ही वाचवू.' मला हा तोडगा इतका आवडला की मी तो बाईंना दुसऱ्या एका फेरीत ऐकवला.

बाई म्हणाल्या, "वाचवू म्हणजे काय करू? किनारा साफ करायचा कार्यक्रम असतो तेव्हा आमच्याच शाळेला पत्र येतं. भरतीला प्लास्टिक येतं ते सगळ्या मुंबईचं. वेचतात आमची पोरं. वर टोपी मिळते आणि बिस्किटाचा पुडा."

म्हणजे बिल सारखं वाटणं भविष्यातही चालूच. आमंत्रण सगळ्यांना, पंगत वाढायला ठरावीकच लोक. माझा तोडगा निम्मा उरला. भूतकाळाबद्दलचा अर्धा भाग मला अजूनही बरोबर वाटतो. भविष्याबद्दल एवढंच म्हणता येईल की 'आपण' म्हणणाऱ्याने आधी स्वतः चिखलात पाय घालावा, मग शब्द उच्चारावा, आणि ज्याने कमी खाल्लं त्याला कमी मागावं. हे फलकावर मावत नाही.

एकच विषय असा सापडला जिथे 'आपण' निःसंकोच म्हणता येतं, आणि तो म्हणजे शौचालय. फ्लेमिंगो, त्यातही संख्येने जास्त असलेले लहान रोहित, चोच उलटी करून चिखलपाण्यातलं सूक्ष्म शैवाल गाळून खातात. त्यातल्याच रंगद्रव्यांमुळे ते गुलाबी होतात, पिल्लं करडी असतात. १९९० च्या दशकापासून ते इथे मोठ्या संख्येने दिसू लागले, आणि काही मोसमांत मोजणी लाखाच्या वर गेली आहे. अभ्यासकांचा एक अंदाज असा की खाडीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांवर हे शैवाल फोफावतं. म्हणजे दोन शहरांनी मिळून फ्लेमिंगोंना जेवू घातलंय. इंग्रजी गटात हे सांगितलं की हशा पिकायचा आणि मोबाइल बाहेर यायचे. मराठी गटातही मुलं लोळायची, सहावीत हा विनोद जगातला सर्वोत्तम विनोद असतो. मग एकदा एका मुलीची आई, गटाबरोबर आलेली, हसता हसता म्हणाली, "त्यांना जेवण झालं, मग आमची मासळी का गेली?"

तीच पोषक द्रव्यं. शैवाल वाढतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. माशाला तो लागतो. त्यात कारखान्यांचं पाणी मिसळतं, गाळ साचतो, खाडी उथळ होते. गुलाबी पक्षी आणि रिकामी जाळी ही एकाच पाण्याची दोन उत्तरं आहेत. मी हे दुपारच्या गटातही सांगू लागले, कारण मला वाटलं की विनोदाचा पहिला अर्धा भाग एका गटाला आणि दुसरा अर्धा दुसऱ्याला, हे भाषांतर नव्हे. हशा कमी झाला. प्रश्न वाढले. एका गृहस्थांनी विचारलं, आमच्या सोसायटीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालू आहे का हे कुठे कळेल? चार महिन्यांत मला सगळ्यात जास्त आवडलेला प्रश्न हा.

फलकाचा मजकूर मी मराठीत पहिल्यापासून लिहिला, आणि मग त्याचं इंग्रजी केलं. उलट्या दिशेने. पहिल्या वाक्यात कुणीही 'आपण' नाही. साल आहे, भराव आहे, रस्ता आहे. त्यात तिवर हे नाव आधी आहे आणि कांदळवन कंसात. मजकूर वर मंजुरीला गेला. मंजुरीला गेलेल्या गोष्टींना भरती-ओहोटी नसते, त्यामुळे कधी येईल ते काकांनाही सांगता आलं नाही.

एप्रिलच्या एका शनिवारी दोन्ही गट एकाच वेळी आले, नोंदणीत घोळ झाल्यामुळे. लाकडी मार्गावर पुढे पालिकेच्या शाळेची मुलं, मागे एका कंपनीचे वीस-पंचवीस लोक, टोप्या आणि कॅमेरे घेऊन. मी मधे, दोन भाषांत धापा टाकत. पुढच्या मुलांतला एकजण वळला, मागच्यांकडे पाहून हात पसरला आणि म्हणाला, "ही आमची तिवरं. चाटून बघा पान, खारट लागतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं. इंग्रजीत 'आमची'चं 'अवर' झालं. सगळ्यांनी प्रसन्नपणे माना डोलावल्या, आणि कुणीतरी म्हणालं, हो ना, खरंच, आपलीच आहेत.

मुलगा तोवर पान तोडून पहिल्या टोपीवाल्याच्या हातात देत होता.